पुढची सायकल

दोधू पाटलाने अंगठ्याने मागचं चाक दाबून पाहिलं, मग आऱ्यांवरून बोटं फिरवत नेऊन हवेच्या नळीचं टोपण घट्ट केलं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. त्यामुळे हे चाचपणं कुणाच्या नजरेत भरण्यासारखं नव्हतं, आणि म्हणूनच त्याने ही वेळ निवडली होती.

ओट्यावर थोरला मुलगा भिला उभा होता. फाल्गुनात बाप सायकलसकट शेजाऱ्याच्या म्हशीवर जाऊन आदळला, तेव्हापासून त्याचं लक्ष होतं. म्हैस आडवी आली, असं दोधूने सांगितलं होतं. पण म्हैस खुंट्याला बांधलेली होती, आणि गाव त्यावर आठवडाभर हसलं होतं. काल रात्री जेवताना भिलाने एकच वाक्य टाकलं होतं.

"बा, आते एक डाव जरी पडनात, तं सायकल माळ्यावर चढी."

 ताटातलं वरण दोधू बोटाने कडेपासून आत ओढत राहिला होता.

आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. तापीकाठच्या माणसांना आपला जन्म कुठल्या तारखेचा हे सांगता येत नाही, पण दोधू आखाजीचा, हे साऱ्या शिवाराला पाठ. पितरांची घागर मांडलेली, लेकीबाळी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके टांगलेले, अशा भरल्या दिवशी तो आला, असं त्याची आई सांगायची. आणि अशा भरल्या दिवशीच तो गेली कितीतरी वर्षं घरातून नाहीसा होत होता. दुपारी पितरांच्या नावाने विस्तवावर घास, आगारी, भिलाच टाकायचा.

"पितर जेवाले येतस, आन ह्या घर सोडी पयतस," त्याची बायको भिकुबाई म्हणाली. हेही दर वर्षीचंच. म्हणता म्हणता तिने पुरणाच्या मांड्यांचं गाठोडं सायकलच्या दांडीला बांधलं.

गोठ्याकडून अब्राहाम मास्तर आपली सायकल ढकलत आला. नवापूरच्या डोंगरपट्ट्यातला हा माणूस मिशनच्या शाळेतून आता मोकळा झाला होता. काल गार्डाच्या डब्यात सायकल टाकून तो नंदुरबारला उतरला होता आणि तापीच्या उतारातून ती खांद्यावर घेऊन इथवर आला होता. वाढदिवसाला सायकल फिरवायचं वेड त्याचंच. पंक्चर काढता काढता रस्त्यावर जमलेली ही दोस्ती. तेव्हा त्याने विचारलं होतं, की तुम्ही लोक मेल्याची तिथी धरता, मग जन्मल्याची का नाही?  पुढच्या आखाजीला दोघं खापरच्या बाजारापर्यंत जाऊन आले. मग नाताळात दोधू नवापूरला गेला, कारण मास्तरचा वाढदिवस नाताळचा. तो पादरीसाहेबांनी दिलेला. आई पोरांना घेऊन मिशनमध्ये आली तेव्हा साहेबांनी जन्मतारीख विचारली, तिने खांदे उडवले, आणि साहेबांनी साऱ्या भावंडांना एकच दिवस वाटून टाकला.

फेरीचा एक रिवाज पडला होता. ज्याचा वाढदिवस, त्याची सायकल पुढे. दुसऱ्याने मागे राहायचं, ऊन असो की चढ, ओलांडायचं म्हणून नाही.

नाताळात म्हणूनच निभावलं होतं. मास्तरच्या पाठीवर डोळे लावले की झालं. आज तशी पाठ नव्हती.

गावाबाहेरच्या लिंबापाशी दोघांनी टांग मारली. झोक्यावर पोरी एवढ्या पहाटेच गात होत्या. दोधू पुढे निघाला. डोळ्यांपुढे कुणी पीठ चाळत असावं तसा रस्ता त्याला दिसत होता, पांढुरका, कडा नसलेला. पण वाट पायांना ठाऊक होती. इथे चाकोरी खोल, म्हणून डावीकडे. इथे वाळू, म्हणून जोर. तळोदा मागे पडलं तेव्हा त्याच्या खांद्यांमधला पीळ जरा सुटला. वाट पाठ असली की डोळे लागतात कशाला, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तळोद्याच्या पुढे एका नाल्यावर नवी मोरी बांधायला घेतली होती. खडीचा ढीग वाटेच्या मधोमध होता. गेल्या आखाजीला तो तिथे नव्हता.

चाक खडीत घुसलं, आणि दोधू हँडलावरून पलीकडे गेला.

पडल्या पडल्या त्याने पहिल्यांदा धोतर चाचपलं. गुडघ्यावर हाताला ओलं लागलं, पण धोतर फाटलेलं नव्हतं. मागे मास्तरची सायकल थांबली. चाकाचा आवाज गेला, मग खडीवर पावलं वाजली.

"डोयामा धूय गई," दोधू म्हणाला.

वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं.  मास्तरने दोधूला बगलेतून उठवलं, वाटेकडेच्या झाडाखाली बसवलं, सुराहीतल्या पाण्याने गुडघा धुतला आणि मग धोतरावरचा डागही धुतला, चोळून चोळून, घरी कुणाला दिसू नये असा. ते पाहून दोधूला कळलं, याने ओळखलं. धूळ खरंच गेली असती, तर मास्तरने आधी डोळ्यांवर पाणी मारलं असतं.

दोधू सायकलकडे तोंड करून बसला. परत फिरावं, असं त्याला वाटलं. घरी जावं, भिलाला म्हणावं, चढव सायकल माळ्यावर. मग ओट्यावर बसायचं, आल्यागेल्याला आवाजावरून ओळखायचं. गावात असे म्हातारे होते. त्यांना कुणी वाईट वागवत नव्हतं. जेवायला हाक मारत होते, हाताला धरून नेत होते.

"पाटील," मास्तर म्हणाला. "एक गोट सांगानी ऱ्हाई गई."

"काय?"

"नाताळ मन्हा खरा नही. तो सायेबनी देयेल. मन्ही माय सांगे, मी मोह पडतांना जनमनू." मास्तर दोधूच्या धोतराचं टोक पिळत होता, त्याची नजर हातांवर होती. "म्हंजे ह्याच दिन. आज मन्हाबी वाढदिवस शे."

 ज्या झाडाखाली ते बसले होते ते मोहाचंच होतं. दोधूने सहज टेकल्यासारखा हात मातीवर ठेवला आणि फिरवला. कोरडा पाचोळा होता, खडे होते. फूल एकही नव्हतं, वासही नव्हता. होळीला गळायला लागलेला मोह कधीच वेचून, वाळवून, कणग्यांत गेला होता. वर नवी पालवी दाटली होती, आणि पोपट मोहाची कोवळी फळं, टोळंब्या, कुरतडून खाली टाकत होते. तापीकाठच्या कुणब्यालाही हे कळतं. मास्तर तर डोंगरातला, पोरपणी पहाटे टोपली घेऊन आईमागे मोह वेचायला जाणारा. मोहाच्या बाबतीत तो झोपेतही चुकला नसता.

दोधूला हसू आलं नाही. शाळेत पोरांना इतकी वर्षं खरं बोलायला शिकवून या माणसाला एक धड खोटं बोलता येऊ नये, याचंच त्याला कसंसं झालं. आणि हे खोटं त्याने नाताळापासून खिशात घेऊन ठेवलं असावं, की आत्ता, धोतर धुता धुता सुचलं, हे काही कळेना.

पोपट उडाले. मास्तरने ओलं धोतर त्याच्या गुडघ्यावर नीट पसरून दिलं आणि तो वाट पाहत उभा राहिला.

"मंग बठना कसाले?" शेवटी दोधू म्हणाला. "वाढदिवस तुन्हा, आन पुढे मी जाऊ? पुढे व्हय."

मास्तरची सायकल पुढे झाली. त्याचा पांढरा सदरा पिठातून हलत जाणाऱ्या बगळ्यासारखा दिसत होता, कधी असायचा, कधी नसायचा. थोडं पुढे गेल्यावर मास्तरने गळा मोकळा केला आणि तो झोक्यावरच्या पोरींच्या चालीत गायला लागला. प्रार्थनेची गाणी म्हणणारा जाड गळा त्या चालीला शोभत नव्हता.

"डावी आंगे खड्डा बैना, उजवी आंगे वाट वं,
कोरडा नाला उतरी गया, पुढे चढाले घाट वं."

दोधूने हँडल उजवीकडे घेतलं. डावीकडून खड्डा निघून गेल्याचं त्याला चाकाखालच्या मातीवरून कळलं. गाडी समोरून आली की गाण्यात बैल यायचे. दगड आला की यमक चुकायचं, पण दगड सांगायचा राहत नसे. अक्कलकुव्याच्या अलीकडे गाडीवाल्यांनी हसून विचारलं, की मास्तर, तुमच्यात बाया उरल्या नाहीत का गायला? मास्तरने त्यांनाही पुढच्या ओळीत घेतलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा खापर आलं. बाजाराच्या कडेला, चिंचेखाली, रूपलीबाई टरबुजं मांडून बसली होती. डोंगरातली बाई. मोहाच्या दिवसांत मोह विकायची, आता टरबुजं. दर आखाजीला हे दोन म्हातारे तिच्याकडेच टेकायचे. तिने दोधूला पाहून एक टरबूज थोपटलं, चिरलं आणि मधली लालभडक फोड त्याच्यापुढे धरली. मग हात तसाच ठेवून तिने दोघांकडे पाहिलं. पाटील आज मागून कसे आले, असं तिने बाजारच्या बोलीत विचारलं. आखाजी तर यांचीच ना?

मास्तर चाकाशी वाकून साखळीत उगाच काहीतरी पाहायला लागला.

"आज मास्तरना वाढदिवस शे," दोधू म्हणाला. "मोह पडतांना जनमना तो."

रूपलीबाईचं तोंड उघडलं. आता कुठला मोह, असं ती म्हणणार होती, आणि ते म्हणण्याचा अधिकार साऱ्या खापरात तिच्याइतका कुणाला नव्हता. तिने दोधूकडे पाहिलं. तो बोलत होता तिच्याशी, पण त्याचे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे, चिंचेच्या बुंध्याकडे लागले होते.

"त्या सालले," दोधूने सावकाश सांगितलं, "मोह उशीर पडना व्हता."

 मग बाईने ती लालभडक फोड मास्तरला दिली. दुसरी कापून दोधूचा हात हातात घेतला आणि त्यात नीट बसवली.