अंगठा लागेना

बाबांनी आयुष्यभर फरश्या बसवल्या. सिमेंटने बोटांवरच्या रेषा पार खाऊन टाकल्या होत्या, त्यामुळे कितीदा अंगठा लावला तरी फोन उघडत नसे. "बघ, माझाच फोन मला विचारतोय, आपण कोण?" म्हणून ते हसायचे.

लॉक मुलीने घातलं होतं. फोन सुरक्षित कसा ठेवावा, हे ऑफिसा-ऑफिसांत जाऊन शिकवणं ही तिची नोकरी. बाबांचा फोन मात्र कामावर घमेल्याशेजारी उघडाच पडलेला. "माझ्या फोनमध्ये काय सोनं भरलंय?" मग एकदा कुणीतरी गंमत म्हणून त्यावरून सगळ्या नातेवाइकांना घाणेरडा व्हिडिओ पाठवला. बाबांनी एकेकाला फोन करून माफी मागितली. थोरल्या आत्याने तरीही महिनाभर अबोला धरला. मुलीने सहा आकड्यांचं लॉक घातलं ते तेव्हा.

"आकडे ध्यानात राहत नाहीत गं. काढून टाक ना."

"चार दिवसांत सवय होईल, बाबा. जगाला मी शिकवते आणि घरचाच फोन उघडा?"

लॉक न उघडताही घरचा नंबर दिसेल, अशी सोय फोनमध्ये असते. ती करायची तेवढी राहिली. सावकाश करू म्हणाली.

एका मंगळवारी कामावर जाताना बाबा इस्त्रीच्या दुकानासमोर कोसळले. दुकानातल्या बाई धावल्या. बाबांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. "काका, घरचा नंबर कुठला?" बाबांनी खिशातून फोन काढला. अंगठा लागेना. कापऱ्या बोटाने त्यांनी आकडे दाबले. चुकले. पुन्हा चुकले. शेवटी फोनने थांबायला सांगितलं.

बाईंनी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिथल्या रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं, 'अनोळखी पुरुष, वय सुमारे साठ.'

मुलगी दिवसभर शिकवत होती. वर्गाच्या दारात सगळ्यांचे फोन टोपलीत, तिचाही. आईला वाटलं, नेहमीसारखे कामावर आहेत. पाच वाजता मुलीने सहज बाबांना फोन लावला, तो नर्सने उचलला. बाबा साडेतीनला गेले होते.

आठवड्याने मुलगी त्या दुकानात गेली. बाईंनी इस्त्री बाजूला उभी केली, स्टूल पुढे सरकवलं.

"माझा हात धरून ठेवला होता त्यांनी," बाई म्हणाल्या. "सारखं फोनकडे बोट दाखवायचे. मी म्हटलं, काका, राहू द्या, सापडतील घरचे."

"तुम्ही शेवटपर्यंत होतात?"

बाईंनी मान खाली घातली. "दुपारपर्यंत, ताई. दुकान उघडंच टाकून गेले होते. यावं लागलं मला."

बाईंनी दिलेलं पाणी मुलीने अर्धंच प्यायलं.

घरी आई कपाटासमोर बाबांचे शर्ट हातात घेऊन बसली होती. तिने वर न पाहता विचारलं, "काय म्हणाली ती बाई?"

"चांगली आहे गं. खूप केलं तिने."

"जाताना एकटे होते का ते?"

मुलगी आईशेजारी जमिनीवर बसली. आईच्या हातातला शर्ट तिने हळूच स्वतःकडे घेतला.

"नाही, आई. हात धरून बसली होती ती. शेवटपर्यंत."

आई तिच्याकडे पाहत राहिली. मग दुसरा शर्ट उचलून घडी घालू लागली.