पिंकर्डचं टोकन

"हे ते नव्हेच," झेल्मा म्हणाली आणि तिनं टोकन ब्लँकेटवर ठेवून दिलं.

एमेट टार्व्हर हसला. "ताई, आधी चष्मा लाव, मग बोल."

"चष्म्याचं काय घेऊन बसलास? बोटांना कळतं की. आपलं असं गोल गरगरीत नव्हतं मुळी. कडेला मुरड होती. ॲपल-पाय भाजायच्या आधी त्याची कड आपण चिमटीनं मुरडतो ना, तश्शी. दुकानातल्या रांगेत उभी राहून मी त्या मुरडी मोजायचे. पिठाची पिशवी हातात पडेस्तोवर चार-चारदा मोजून व्हायच्या. एका टोकनाला..."

"पुरे गं!" एमेट एवढ्या जोरात ओरडला की दारावरून जाणारी वृद्धाश्रमातली नर्स थांबली.

चाळीस वर्षं तो या एका टोकनाच्या मागे होता. पूर्व टेक्ससच्या पाइनच्या रानात पिंकर्ड लंबर कंपनीचं गाव होतं. १९२६ साली तोडायला झाड उरलं नाही, तशी कंपनीनं लाकूड कापायची सॉ मिल बंद केली, घरं फळी फळी सुटी करून मालगाडीत भरली आणि शेवटी जाता जाता रूळही उखडून नेले. आता तिथे परत रान माजलंय. त्या मुलखातल्या सगळ्याच लाकूड कंपन्या मजुरी आपल्या पितळी टोकनांत द्यायच्या, आणि ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालायची. शंभरावर कंपन्यांची टोकनं लोकांना सापडली होती. पिंकर्डचं एकही नाही. टोकन-संग्राहकांच्या मंडळाची यादी एमेटनंच तयार केली होती, आणि त्या यादीत त्याच्याच जन्मगावापुढे 'अज्ञात' असं त्याला स्वतःच्या हातानं लिहावं लागलं होतं. गाव मोडलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. सॉ मिलचा भोंगा सोडला तर त्याला काही आठवत नव्हतं. झेल्मा सोळा वर्षांची होती. त्याच्या वेळच्या बाळंतपणातच आई गेली, त्यामुळे त्याला वाढवलं ते या बहिणीनं.

एकतीस वर्षं त्यानं शाळेच्या बस दुरुस्त केल्या. तिथे त्याचं मत कुणी कधी विचारलं नाही. मंडळात मात्र त्याच्याशिवाय पान हलत नसे. लोक आजोबांचे तंबाखूचे डबे घेऊन यायचे, टेबलावर उपडे करायचे, आणि एमेट एकेक टोकन वजनाला लावून, भिंगाखाली कड बघून, काचेवर टाकून जुनं पितळ खणखणतं का ते ऐकून सांगायचा, हे अमुक कंपनीचं, याचा भाव इतका. सहसा चुकायचा नाही. पण त्याची जीभ वाईट होती. डॉयल बोटनर नावाच्या एकानं, ज्याचं ट्रॉफीवर नावं कोरून देण्याचं दुकान होतं, एकदा हौसेनं भारी किंमत मोजून एक टोकन आणलं. एमेटनं ते काचेवर टाकलं, ते बद्द वाजलं, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाळा, हे तुझ्या एखाद्या ट्रॉफीच्या बुडाला चिकटव. तिथे शोभेल." पंधरा मिनिटं लोक हसत होते. डॉयलसुद्धा हसला. त्याच्या हसण्याकडे एमेटनं लक्ष दिलं नाही, ही त्याची चूक.

आणि आता, तीन रविवारांपूर्वी, जुन्या दुकानाच्या विटा जिथे अजून मातीत दिसतात तिथे त्याचं धातुशोधक यंत्र किणकिणलं होतं. वीतभर खाली पिंकर्डचं नाव कोरलेलं पितळ, हिरवं पडलेलं. एमेट तिथेच चिखलात बसून रडला. दुसऱ्या कुणाचं टोकन असतं तर त्यानं ते आधी काचेवर टाकलं असतं. हे त्यानं रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत घातलं.

आता अडलं होतं ते फक्त सहीवर. यादीत नसलेलं टोकन मंडळाच्या पत्रिकेत छापायचं तर ते प्रत्यक्ष वापरलेल्या जिवंत माणसाची साक्ष लागते. नियम एमेटनंच केलेला. आणि पिंकर्डच्या दुकानातून पीठ आणलेलं माणूस जगात आता एकच उरलं होतं.

"परवा तू नर्सला आई म्हणून हाक मारलीस," तो म्हणाला. "दुपारी जेवलीस का, हे तुला सांगता येत नाही. आणि तू मला टोकन शिकवणार?"

झेल्मा ब्लँकेटचे धागे ओढत राहिली. एमेटला तिचा चेहरा दिसत होता. तो आंधळा नव्हता. तरी त्यानं पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बोटांत दिलं.

"असेल बाबा," ती हळूच म्हणाली. "तुझा अभ्यास आहे यातला."

सही वाकडीतिकडी झाली. मग त्यानं तिच्या तळहातावर टोकन ठेवून फोटो काढला. हसायला सांगितलं तशी ती हसली.

पत्रिका निघाली. महिन्याच्या ठरल्या शनिवारी मंडळ नेहमीप्रमाणे मासळीच्या खानावळीत मागच्या खोलीत जमलं. तळलेला कॅटफिश आला होता. एमेट उभा राहिला. "याचा भाव मी ठरवत नाही," टोकन वर धरून तो म्हणाला. "एकच आहे जगात. याला भाव नाही."

"एकच?" डॉयल म्हणाला. "काका, नीट बघा हां."

त्यानं कागदी पिशवी टेबलावर उपडी केली. अकरा टोकनं घरंगळत बशांच्या मधे पसरली. अकराही पिंकर्डची, अकराही हिरवी.

"घ्या रे, एकेक घ्या सगळ्यांनी! कोंबड्यांच्या शिटेत दोन महिने मुरवलीत. काकांचं तेवढं रानात नेऊन पुरावं लागलं, कंबर मोडली माझी."

खोली हसून हसून फुटायची बाकी होती. एमेटनं त्यातलं एक उचललं आणि बशीवर टाकलं. बद्द आवाज आला. पहिल्याच दिवशी त्यानं हे केलं असतं तर पहिल्याच दिवशी आला असता.

"पितळेचा भाव," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

"आणि ताईसाहेबांनी ओळखलं त्याचं काय?" डॉयलनं पत्रिका फडफडवली. "सही आहे खाली! चांगलं ओळखतात हो तुमच्या घरात!"

लोक पुन्हा हसले. हसण्याचं एमेटला आता काही वाटत नव्हतं. त्याला फक्त मुरड आठवत होती. ॲपल-पायच्या कडेसारखी. खरं टोकन कसं होतं ते जगात एका माणसाला ठाऊक होतं, ते माणूस सांगत होतं, आणि एमेटनंच त्याचं तोंड बंद केलं होतं. टोपी तिथेच विसरून तो बाहेर पडला आणि वीस मैल गाडी हाकत वृद्धाश्रमात पोचला.

झेल्माच्या उशाशी भिंतीवर पत्रिकेचं पान चिकटवलं होतं. ती त्याला बघून खुलली. "नर्सबाईंनी लावलं रे. येणारं जाणारं बघतं."

एमेटनं वही उघडली. "ताई, त्या मुरडी किती होत्या?"

"कसल्या?"

"टोकनाच्या कडेला. तू मोजायचीस बघ रांगेत. पिठाच्या वेळी."

ती गोंधळली. मास्तरांनी उभं केलेल्या पोरीसारखी तिनं आधी त्याच्याकडे, मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"गोल होतं," ती म्हणाली.

"नाही गं ताई. तू म्हणालीस, मुरड होती. तूच बरोबर होतीस. माझी चूक झाली. आठव जरा. सहा? आठ? दहा?"

"मी काहीबाही बोलते रे. डोकं ठिकाणावर नसतं माझं, तूच नाही का म्हणालास?" तिनं त्याचा हात धरला. "म्हणून मी रोज सकाळी त्या फोटोकडे बघून पाठ करते. परत कुणी विचारलं तर तुझी फजिती नको. गोल होतं. साधी कड. अगदी गोल."

"ताई, डोळे मीट. दुकानाची रांग आठव. हातात टोकन आहे..."

तिनं शहाण्यासारखे डोळे मिटले. बराच वेळ तिची बोटं ब्लँकेटवर काहीतरी चाचपत राहिली, आणि एमेट वहीवर पेन टेकवून बघत राहिला. मग तर्जनीनं तिनं सावकाश, काळजीपूर्वक एक वर्तुळ काढलं. कुठेही न मोडता, कुठेही न वळता ते पुरं केलं, आणि डोळे उघडले.

"या वेळी बरोबर सांगितलं ना रे?"

"हो ताई," एमेट म्हणाला. "अगदी बरोबर."

तिचा जीव भांड्यात पडला. पाय जरा आवरून घेऊन तिनं त्याला बसायला जागा केली.