पतंगाची पूड

माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या लोकरीच्या कोटाला कसर लागली, की ते माझ्याच नावाने शंख करतं. त्यामुळे पंखवाल्या किड्यांवर माझी माया कधीच नव्हती. पण त्या दुपारी घरामागच्या बागेत लिंबाच्या खोडावर जे बसलं होतं, ते बघून मी धावतच तिकडे गेले.

दोन तळहात जोडावेत एवढा पतंग. विटकरी रंग, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. आणि माझी सात वर्षांची भाची त्याला चक्क कुरवाळत होती.

"आत्या, बघ ना, किती मऊ आहे!"

भाऊ-वहिनी तीन दिवस बाहेरगावी होते. मागच्या वर्षी या पोरीला मधमाशी चावली, तेव्हा तिचा श्वास अडकला होता. वहिनीने निघताना मला तीनदा बजावलं होतं, वन्सं, किड्यामुंग्यांपासून सांभाळा. मी तिचा हात खेचला. तळव्यावर तपकिरी पूड आणि बारीक केस चिकटलेले.

आमच्या धंद्यात एकच शहाणपण, डाग वाळायच्या आत घासायचा. पंचवीस वर्षं हात तेच करत आलाय. मी घरातली डागांच्या औषधाची बाटली आणली, ब्रश घेतला आणि तिचा तळवा खसाखसा घासला.

"आत्या, झोंबतंय!"

"गप्प बस. तुझ्याच भल्यासाठी आहे."

पाच मिनिटांत तळवा लालभडक झाला, बोटं टरारून फुगली. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच घेऊन या, आणि किडा कोणता ते कळलं तर बरं. टॅक्सीला दहा मिनिटं लागणार होती. मी कुंपणावरून शेजारच्या मास्तरांना हाक मारली. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस. भिंग घेऊनच धावत आला. मास्तर पतंगावर वाकले आणि मी भाचीच्या छातीला कान लावून बसले. दर श्वासाला वाटायचं, हा पुढचा येतोय की नाही?

"मिश्या पिसासारख्या आहेत," मास्तर पुटपुटले. "विषारी आहे का, ते सांगा आधी!" मी खेकसले.

"नाही हो, ताई. रेशमाच्या किड्यांचा थोरला भाऊबंद आहे हा. चावणार कशाने? याला खायलासुद्धा धड तोंड नसतं. आठवडाभर जगतो बिचारा."

"मग हिचा हात का सुजला?"

मास्तरांनी तिचा तळवा नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. "हे काय लावलंत?"

भाचीच म्हणाली, "आत्याने बाटलीतलं लावून घासलं."

"साप म्हणून भुई धोपटलीत की हो," मास्तर हळूच म्हणाले. त्यांनी तिला नळाखाली नेलं आणि तळव्यावर पाण्याची धार धरली. कातडी दोन ठिकाणी सोलवटली होती. तिचा श्वास अगदी व्यवस्थित चालला होता. मला मात्र रडू आवरेना.

फाटकाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला. "चल बाळा," म्हणत मी हात पुढे केला.

तिने भाजलेला हात झटकन पाठीमागे लपवला. दुसऱ्या हाताने मास्तरांचं बोट घट्ट धरलं आणि त्यांना म्हणाली, "तुम्ही चला ना माझ्याबरोबर."