मेजरसाहेबांचा शब्द

मेजरसाहेब सैन्यात बावीस वर्षं जनावरांचे डॉक्टर होते. जनावरांचे म्हणजे खेचरांचे. आणि खेचरांना पिल्लं होत नाहीत. त्यामुळे पेन्शन घेऊन गावात दवाखाना थाटला, त्या दिवसापर्यंत साहेबांनी एकही बाळंतपण केलेलं नव्हतं. हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पुढे त्यांनी शेकड्यानं अडलेल्या गाई सोडवल्या. मेजर बोलले की विषय संपला, असं गाव मानू लागलं. घरी मात्र त्यांच्या हुकमाला कुणी भीक घालत नसे.

"चल," एका सकाळी ते बायकोला म्हणाले. "गवळ्याची गाय अडलीय."

"मग मी येऊन काय करू? तिला गाणी म्हणून दाखवू?"

"चल म्हटलं ना!"

तिनं गॅस बंद केला. दवाखान्याच्या वीस वर्षांत या माणसानं तिला कामावर कधी नेलं नव्हतं.

गोठ्यात गाय आडवी पडून कण्हत होती. गवळी तिच्या मानेवरून हात फिरवत होता, त्याची बहीण गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. मेजरनी बाही वर सारली, हात आत घातला आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग हात बाहेर काढून बायकोच्या कानाशी आले.

"बोटांना काही कळत नाहीये. तुझा हात लहान आहे."

तिनं वळून त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "कधीपासून?"

"अंगठी काढ आणि साबण लाव."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं उलट उत्तर दिलं नाही.

"काय लागतंय?"

"गुडघा. नाही, कोपर. अहो, मला काय माहीत!"

"डोकं शोध. डावीकडे बघ."

"माझं डावं की गायीचं?"

"गायीचं!"

"ओरडू नका, मी काही तुमचं खेचर नाही. सापडलं. मागे वळलंय."

"जबड्याखाली बोटं अडकव. कळ ओसरली की पुढे आण. घाई नको."

पाऊण तासानं वासरू बाहेर आलं आणि शिंकलं. गवळ्याला रडूच फुटलं.

"साहेब, तुमच्या हाताला यश आहे!"

खांद्यापर्यंत बरबटलेल्या बायकोनं मनात म्हटलं, घ्या आता.

पण मेजर गवळ्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्या बहिणीसमोर जाऊन ताठ उभे राहिले.

"मागच्या आठवड्यात तुझी गाय अडली, तेव्हा वासरू पोटातच मेलंय असं मी सांगितलं. खरं म्हणजे माझ्या हाताला काही लागलंच नव्हतं. ते कबूल करायची लाज वाटली. मेलंय म्हणालो आणि दोर लावून ओढलं. ओढतानाच गेलं ते."

तिनं बादली खाली ठेवली.

"माहितीये," ती म्हणाली. "पोटावर माझा हात होता ना. लाथा मारत होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?" मेजरच्या बायकोनं विचारलं.

"साहेब म्हणाले, मेलंय. मला वाटलं, माझ्याच हाताला काहीतरी झालंय."