मॉमॉच्या शेगडीवरच्या डब्या

“डब्यांचा फोटो लावल्या दिवसाचा आहे, डेल्फिन. त्यानंतर सासूच्या चिमणीखाली मान वाकवून बघितलंस का कधी?” म्हाताऱ्या विमा एजंटाने विचारलं, तेव्हा डेल्फिन हसली होती.

“मॉमॉच्या शेगडीपाशी लुडबुड करू? मग गम्बोचं कालवण कोण वाढेल मला?”

सासूला सगळं घर मॉमॉच म्हणे. दोन्ही घरं एकाच अंगणात, एकाच पॉलिसीत. आग विझवणाऱ्या दोन-दोन डब्या लोहचुंबकाने दोन्हीकडे चिमणीखाली चिकटवल्या, फोटो पाठवले, हप्त्यात सूट मिळाली. विषय संपला. बाळाचं दूध तीनतीनदा मनगटावर टेकवून बघणारी डेल्फिन त्या डब्यांकडे पुन्हा फिरकली नाही.

दीड वर्षाने, एका शुक्रवारी, तिने गम्बोच्या ‘रू’साठी तेल तापत ठेवलं. तेलात मैदा घालून कॉफीच्या रंगावर येईपर्यंत ढवळत राहायचं, दारात पाहुणा आला तरी पळी सोडायची नाही, हे लुइझियानात पोरं बोबडं बोलतानाच शिकतात. पण मैदा पडायच्या आधीच पलीकडच्या खोलीत बाळाला ठसका लागला.

बाळाला कडेवर घेऊन ती परतली, तर कढईतून ज्वाळा थेट चिमणीला भिडलेली. तेवढ्यात फाट्कन आवाज झाला, आणि वरून कुणी ओंजळ उपडी करावी तशी पांढरी पूड कोसळली. ज्वाळा नाही. काहीच नाही. नुसती शांतता, आणि बाळाचा उघडा राहिलेला एवढासा जबडा.

तिने गॅस बंद केला. मुठीएवढी डबी! दीड वर्ष अंधारात उलटी चिकटून होती, कुणी हाक मारली नाही, तरी नेमक्या क्षणी जागी झाली. आणि मग डेल्फिनला एजंटाचा प्रश्न आठवला.

ती बाळासकट अनवाणीच अंगण ओलांडून धावली. मॉमॉ रू ढवळत उभी.

“अगो बाई, मैद्याच्या पिंपात पडलीस की काय?”

डेल्फिनने चिमणीखाली वाकून वर बघितलं. दोन्ही डब्या चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळलेल्या, एकही सुरकुती नाही.

“तेलकट होतात गं. तू हौसेनं दिलेल्या,” मॉमॉ अभिमानाने म्हणाली. “बघ, एक डाग पडू दिला नाही!”

“मॉमॉ, खालच्या वातीला आग लागली तरच त्या उघडतात. कागदातून कशी लागेल?” मग तिने घडलेलं सगळं सांगितलं.

मॉमॉने सुनेच्या पूड बसून पांढऱ्या झालेल्या केसांकडे बघितलं, बाळाकडे बघितलं. आणि पन्नास वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं: रू अर्धवट सोडून गॅस बंद केला.

“रू गेला,” ती पुटपुटली.

“जाऊ दे.”

दोघींनी मिळून कागद सोलला.

तेव्हापासून डेल्फिन भेटेल त्याला एकच सांगते, तुम्हालाही सांगते: तुमचं कुणी म्हातारं माणूस एकटं रांधत असेल, तर आजच जा. फोटोवर जाऊ नका. त्यांच्या शेगडीपाशी वाकून एकदा वर बघा.