जसं होतं तसं

काचवाल्याची गाडी ओक-बुनच्या तयार भाज्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. कोरियातल्या देगू शहराचा उन्हाळा तोंडावर आला होता. गेल्या उन्हाळ्यात तिनं पहाटे उठून केलेली पालकाची भाजी नि मोडांची कोशिंबीर दुपारपर्यंत आंबून जायची, कारण दुकानाचं जुनं दार नुसतं नावाला होतं, सगळा थंडावा रस्त्यावर. आणखी एक असा उन्हाळा गेला तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

जाड दुहेरी काचेचं दार ती लावणार, जुनाट एसी जागेचे मालक बदलणार, इथवर ठरलं होतं. घोडं अडलं होतं भाडेकरारातल्या एका ओळीवर: जाताना जागा जशी होती तशी करून द्यायची. ओक-बुननं ती ओळ खोडली होती. खोडलेल्या ओळीवर मालकाचा शिक्का तेवढा हवा होता. आज काचवाला परत गेला तर पानगळीपर्यंत फिरकणार नव्हता.

वरच्या मजल्यावरून मालक, गी-तेककाका, शिक्का खिशात घालून खाली आले आणि त्यांनी करार हातात घेतला. म्हातारा मनानं वाईट नव्हता, पण नियम म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"ती ओळ राहू दे. सगळ्यांनाच आहे."

"काका, दार तुमच्या इमारतीला, खर्च माझा. आणि जाताना ते उपटायचा खर्चही माझाच?"

"तुझ्या आधीच्या शेवयावाल्यानं केला की. तुझ्यासारखी कटकट नव्हती त्याची. असंच जाड काचेचं दार लावलं होतं त्यानं. आत कसं गारेगार असायचं."

ओक-बुन बघतच राहिली. "मग कुठंय ते दार?"

"जाताना काढलं. माझं हे जुनं मी जपून ठेवलं होतं, ते बसवून दिलं त्यानं. शब्दाचा पक्का माणूस."

दार खडखडलं. फटीतून गरम वारा आत घुसला आणि काकांच्या हातातला करार फडफडला. आपण काय बोलून बसलो हे उमगलं तसे त्यांचे कान लाल झाले. ओक-बुननं तोंडावर हात दाबला, तरी हसू फुटलंच. मग काकाही हसायला लागले.

"एसी माझा, दारही निम्मं माझं," असं म्हणत त्यांनी खोडलेल्या ओळीवर शिक्का उमटवला.

ओक-बुन आनंदानं धावतच बाहेर गेली. काचवाला हत्यारं काढत म्हणाला, "ताई, जुनं दार गोधडीत गुंडाळून ठेवू ना? पुढं लागतं म्हणून सगळेच ठेवतात."

उत्तर आतून आलं, काकांचं.

"फोड ते. अकरा वर्षं सांभाळलं मी, आता पुरे."