मागच्या बाजूचं कलम

सकाळपासून वकिलीणबाईंच्या अंगात वारं शिरलं होतं. अर्धा चहा कपातच टाकून त्या बागेत उतरल्या. थंडीभर साचलेला पाचोळा दाताळ्याने ओढून कुंपणाशी लावला, रिकाम्या कुंड्या घासूनपुसून उन्हात उपड्या घातल्या, आणि वकीलसाहेब दाढी उरकून बाहेर येईपर्यंत टोमॅटोच्या वाफ्याची माती भुसभुशीत करून ठेवली. खरं तर अर्ध्या गल्लीचे कपडे बाईंच्या शिलाई मशीनखालून गेले होते, पण नवऱ्याच्या धंद्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

"अगं, दम घे जरा," साहेब म्हणाले. एका हाताने त्यांनी पायजमा धरला होता.

"दुपारी करवतवाला येणार आहे. त्याच्या आधी रोपं लागायला नकोत? आणि तुम्ही तो पायजमा सांभाळा आधी."

"सांभाळतोच आहे. इलॅस्टिक चोरणारा सापडू दे, असं कलम लावतो की बस्स."

"लावलीत की इतकी कलमं. दिसताहेत झाडावर," बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून खुरपं शोधू लागल्या. ते त्यांच्या हातातच होतं.

बागेच्या मधोमध नासपतीचं एक झाड होतं. आपोआप उगवलेलं, फळं अशी आंबट की पाखरंही एकदा चोच मारून परत फिरकत नसत. थंडी संपता संपता बाईंच्या थोरल्या भावाने, दादाने, त्यांच्या माहेरचं घर विकलं. त्या घरामागची म्हातारी नासपती नवा मालक तोडणार होता. ते कानावर येताच साहेब कोणाला न सांगता पहाटेच्या बसने गेले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या काड्या घेऊन आले, आणि या आंबट झाडाच्या फांदीफांदीला त्यांनी कलमं बांधली. जन्मभर लोकांवर कलमं लावली, आता झाडावर लावतो, असं म्हणत स्वतःच हसले. माहेरचं झाड त्याच आठवड्यात गेलं. म्हणजे यांतली एक तरी काडी जगली तर ती नासपती उरणार, नाहीतर संपली.

बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "बागेच्या आवराआवरीच्या दिवशी एकाला तरी पालवी दिसली तर झाड राहील. नाहीतर कापायचं. वाफ्यांवर सावली पाडतं मेलं." सगळ्यांना वाटलं, बाईंना भोपळ्या-काकड्यांची पडली आहे. माहेरच्या मेलेल्या काड्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघवणार नाहीत, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

आणखीही एक गोष्ट सांगितली नव्हती. कलमं बांधून साहेब आंघोळीला गेले तेव्हा बादलीत एक काडी उरली होती. बाईंनी कापडाची कात्री आणली, झाडाच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या फांदीला खाच घेतली आणि सालीला साल भिडवली. बांधायला सुतळी उरली नव्हती. मशीनवर साहेबांचा पायजमा दुरुस्तीला पडला होता. बाईंनी त्याचं इलॅस्टिक सर्रकन ओढून काढलं.

त्यानंतर त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. बघावं आणि सुकलेलं निघावं, त्यापेक्षा न बघितलेलं बरं. पण आज बघायचंच होतं. म्हणून तर पहाटेपासून छातीत अशी धडधड चालली होती, की शाळेच्या निकालालाही कधी झाली नव्हती!

टोमॅटोची रोपं लागली, घेवड्याच्या वेलांना काठ्या रोवून झाल्या, काकडीचं बी मातीत गेलं. साहेब एकेका कलमावर नख घासून बघत होते. "हाही साक्षीदार फुटला," ते म्हणायचे आणि पुढच्या फांदीकडे वळायचे. समोरच्या बाजूची सगळी कलमं काळी पडली होती.

"मागची बाजू मी बघते," बाई शक्य तितक्या सहज म्हणाल्या.

"ती? ती मी परवाच आवरली. दाताळं फिरवलं चांगलं."

या माणसाचं दाताळं त्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्याने पुदिन्याचा अख्खा वाफा गवत म्हणून उपटला होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. करवतवाला खांद्यावर करवत टाकून आत आला. "कुठून सुरू करू?"

"बुंध्यापासूनच," साहेब गंभीरपणे म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तुला काही म्हणायचंय?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. करवतवाला झाडापाशी वाकला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "खबरदार हात लावाल तर! मागे एक आहे. मी बांधलंय. तुमचं इलॅस्टिक मीच चोरलं, जा, लावा काय कलम लावायचं ते!"

आणि चिखलाच्या चपलांनी नवा वाफा तुडवत त्या झाडामागे धावल्या. क्षणभर डोळे गच्च मिटून उभ्या राहिल्या. मग उघडले.

वीतभर कोवळा फुटवा होता. चकचकीत पानं, एकही किडकं नाही. खाली निळ्या रेघेचं इलॅस्टिक ताणून बसलं होतं. आणि शेजारी कोणीतरी एक काठी रोवून, वाऱ्याने मोडू नये म्हणून फुटवा तिला पांढऱ्या पट्टीने अलगद बांधला होता. कोर्टात गळ्याला बांधायची पट्टी. शिवलेली बाईंनीच, इतकी वर्षं खळ घालून इस्त्री केलेलीही त्यांनीच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिलं पान आलं तेव्हापासून."

"आणि तो माणूस करवत घेऊन वाकला तरी गप्प?"

"चोर मुद्देमालासकट सापडला होता गं. चोरी का केली, ते फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं."

करवतवाला मान खाली घालून हसत होता. करवतीवरचं गोणपाट अजून सुटलेलंच नव्हतं, हे बाईंना आत्ता दिसलं. त्यांना हसूही आलं आणि रडूही, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं.

"मला वाटलं, तेही गेलं तर माझं तिथलं काहीच उरणार नाही," त्या म्हणाल्या.

"कळलं होतं मला," साहेब म्हणाले. "म्हणून तर काठी लावली. कलम तुझं, जामीन मी."

"मग मी कापू काय?" करवतवाल्याने विचारलं.

"आधी चहा घ्या," बाई म्हणाल्या, आणि मातीच्या हातांनीच त्यांनी फोन लावला. घर विकल्यापासून दादा ओशाळून दूर दूर राहत होता. सणावाराचं सोडा, साधा फोनही करत नव्हता.

"दादा, नासपती लागली! आपली. माझ्या बागेत. आता माहेरपणाला तू यायचंस, कळलं?"

पलीकडून दादाने विचारलं, "येताना काय आणू?"

"इलॅस्टिक," बाई म्हणाल्या. "पायजम्याचं."